काळ्या चौकोनाखालचे पांढरे वर्तुळ

वंशपट काढताना पुरुषासाठी चौकोन काढतात आणि बाईसाठी वर्तुळ. ज्याच्या हाडांत आजार उतरला त्याची आकृती काळ्या शाईने भरून टाकायची, जो सुटला त्याची कोरी ठेवायची, आणि जो गेला त्याच्यावर एक तिरकी रेघ ओढायची. नावे लिहायची नाहीत, हा प्रयोगशाळेचा दंडक. त्यामुळे तिच्या टेबलामागच्या भिंतीवर तीन पिढ्यांचे एक अख्खे कुटुंब बिननावाने टाचलेले होते, आणि ते तिचे स्वतःचे आहे हे प्रमुखांखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. प्रमुखांना वंशपट वाचायला सवड नसे.

त्या दुपारी गणिती चहाचा कप घेऊन त्या कागदासमोर उभा राहिला. जनुकांच्या अहवालांचा ताळा जुळवणे हे त्याचे काम. त्याचे खरे नाव पगाराच्या दिवशीच काय ते कुणाला आठवे.

“हे वर्तुळ चुकलंय तुझं,” तो म्हणाला.

“कुठलं?”

“हे. काळ्या चौकोनाखालचं पांढरं.”

तिने मान वर केली नाही. “ती बरी झालेली आहे. लहानपणी पाय वाकडे होते, मग सरळ झाले. खाली टीप आहे बघ.”

“वाचली टीप. गोड आहे. पण काल अहवाल आला ना? दोष एक्स गुणसूत्रावर निघाला. बापाकडे एक्स एकच, तो मुलीला द्यावाच लागतो, दुसरा आणणार कुठून बिचारा? मुलगे सगळे सुटतात, मुलगी एकही सुटत नाही. आजार सौम्य असेल, पण रक्तात तरी सापडणारच.”

“बापातच नव्याने उद्भवला असेल. अर्ध्या पेशींत असेल, अर्ध्यांत नसेल.”

“त्याची आई काळी, बहीण काळी, आणि याच्यात नव्याने? काय राव.” त्याने चहाचा घोट घेतला. “दोनच गोष्टी संभवतात. एक तर रंग चुकला, नाहीतर बापाला जोडणारी रेघ चुकली. आणि रेघा कशा चुकतात ते शेजारीपाजारी विचारावं.”

ती हसली. न हसणे म्हणजे कबुली दिल्यासारखे झाले असते. तो गेल्यावर तिने खुर्ची वळवली आणि त्या वर्तुळाकडे ती बराच वेळ बघत राहिली. ते तिनेच काढले होते. खालची टीपही तिच्याच हातची. बापाकडून मुलीकडे, मुलाकडे कधीच नाही, ही वाट ती दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना फळ्यावर रेघोट्या ओढून समजावत आली होती, आणि पाठीमागे तिचे स्वतःचे घर त्या नियमाला हरताळ फासून निवांत लटकत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

घरी तिला सगळे काठी म्हणत. बाबांचे पाय गुडघ्यांपाशी बाहेर वळलेले. आत्याचे त्याहून अधिक. “आमचे पाय म्हणजे दोन कंस,” बाबा सांगत, “मधला मजकूर लिहायचा राहून गेला.” त्या घरात चालण्याला डोलणारा ताल होता: एक पाऊल जड, एक हलके, पाण्यावरच्या नावेसारखे. डोळे मिटूनही कळे की कोण कुठल्या खोलीतून कुठे चालले आहे. तिची पावले मात्र वाजत नसत. आत्या दचकून म्हणे, “अगं, येताना खाकरत तरी जा. भूत बरं तुझ्यापेक्षा.”

तिच्या सरळपणाची एक कथा होती आणि ती आई आल्यागेल्याला सांगे. हीसुद्धा यांच्यासारखीच होती, पाय धनुष्याकृती. मी रोज सकाळी गच्चीत चादर अंथरून हिला उन्हात निजवायची. सावली सरकली की चादर सरकवायची. एक दिवस बघते तर पाय सरळ. उन्हाने केलं. मग आई कपाटातून तो जुना क्ष-किरणांचा काळा पत्रा काढी आणि एखाद्याने मुलीचे पदक दाखवावे तसा खिडकीच्या उजेडात धरी.

या एका कथेवर तिने आयुष्य उभारले होते. कातडीवर ऊन पडते, कातडीत ड जीवनसत्त्वाचा कच्चा माल तयार होतो, यकृत आणि मूत्रपिंड त्याच्यावर एकेक हात फिरवतात, आणि मग पोटातले कॅल्शियम हाडांच्या वाटेला लागते. उजेडाचे असे हाड होते. या वाक्याने ती कुठल्याशा कोवळ्या वयात झपाटली गेली होती. पण बाबांच्या आजारात ऊन उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरते. तिथे हाडेच एक निरोप धाडतात, मूत्रपिंड तो निमूटपणे पाळून शरीरातले फॉस्फेट बाहेर टाकत राहते, आणि कितीही ऊन खाल्ले तरी हाड कच्चे ते कच्चेच. हे तिला तोंडपाठ होते. यावर तिचे दोन निबंध छापून आले होते. तरीही आईची ती चादर तिने या ज्ञानासमोर कधी धरून पाहिली नव्हती. काही गोष्टी माणूस तपासत नाही, कारण तो त्यांच्यावरच उभा असतो.

तिने आपले रक्त एका क्रमांकाखाली तपासणीला लावले. फॉस्फेट जागच्या जागी निघाले. जनुक निर्दोष, बाबांच्या दोषाची एक अक्षरभर खूणही नाही. गणितीने तो निकाल तिच्या टेबलावर ठेवला, क्रमांकाकडे पाहिले, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि काहीतरी उमगल्यासारखा तो मागे फिरला. त्यानंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा विनोद त्याने पुन्हा केला नाही. ते अधिक वाईट होते.

संध्याकाळी ती सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बसली. बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांनी हौसेने हाडाचा एक तुकडा तिला दिला होता: “घे, तुझ्या कामाला बापाची हाडं.” कागदाहून पातळ कापलेल्या त्या हाडाला रंग दिला की पक्का भाग हिरवा दिसतो आणि कच्चा लाल. हिरवळीत हजारो पेशी आपापल्या कोनाड्यात बसलेल्या, आणि एकेकीभोवती फिकट, पोकळ कडे. जणू प्रत्येकीने आपल्यापुरती माती उकरून घेतली आहे आणि आत बसून ती बाहेर बघते आहे. इतकी वर्षे ती त्या कड्यांकडे पाहत आली होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिला वाटले की तिकडूनही कुणी पाहते आहे, आणि त्याला अपेक्षित असलेली व्यक्ती ती नव्हे.

रविवारी ती घरी गेली. दार आत्याने उघडले.

“आली काठी,” आत्या आत वळून ओरडली. “रिकाम्या हाताने आलीय, नेहमीसारखी. शिकलेली आहे ना.”

आईने तिच्या गालावरून हात फिरवला, वाळलीस म्हणाली. ती त्या हाताकडे चोरट्या नजरेने पाहत राहिली. कोण असेल? कुठला माणूस, कुठली दुपार? जेवताना तिला आईच्या प्रत्येक हसण्यामागे एक बंद खोली दिसत होती, आणि समोर बाबा, कुणीतरी फसवलेले, मन लावून घास मोडत होते. आपल्याला नेमके काय हवे आहे हे तिला तेव्हा स्वच्छ कळले. सत्य वगैरे नको होते. हा कंसासारखे पाय असलेला माणूस आपला बाप आहे की नाही, एवढेच हवे होते. आणि नसेल, तर या ताटावर बसायचा आपला हक्क कुठून येतो, ते.

“आई, तो माझा पत्रा दे ना. कामासाठी हवाय.”

आई इतकी सुखावली की मागणारीलाच स्वतःची शरम वाटली. लेकीच्या मोठ्या कामात आपला पत्रा. तपकिरी पाकिटातून निघालेली ती फिल्म तिने खिडकीच्या काचेवर धरली. दोन वर्षांच्या मुलीची छाती आणि पसरलेला एक हात. मनगटाशी हाडांची टोके कपासारखी खोलगट, कडा उसवलेल्या. बरगड्यांच्या टोकांना मण्यांसारख्या गाठी. बाबांचाच आजार, वादच नको. ही मुलगी बाबांची होती. क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिची नजर डाव्या चौथ्या बरगडीवर गेली. ती बरगडी पुढे येऊन दुभंगली होती, झाडाच्या बेचक्यासारखी. अशी बरगडी पुष्कळांना असते. तिच्यापासून काही दुखतखुपत नाही, कुणी लक्षही देत नाही. आणि ती जन्माची असते. वाकलेले हाड सरळ होईल, कच्चे पक्के होईल, गाठी विरून जातील. दुभंगलेली बरगडी पुन्हा एक होत नाही. नोकरीला लागताना तिच्या छातीचे क्ष-किरण चित्र काढले होते आणि व्यवसायाच्या सवयीने तिने ते बारकाईने वाचले होते. तिच्या बरगड्या साऱ्या एकसंध होत्या.

तिने नकळत ब्लाउजवरून डाव्या छातीशी बोटे दाबली. काचेवरच्या मुलीचा पंजा पसरलेला होता, थांब म्हणावे तसा. फिल्मच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत तिचेच नाव होते, तिचीच जन्मतारीख.

बाबांचे पुस्तकबांधणीचे दुकान खालच्या मजल्यावर होते. रविवारी ते बंद असे, पण बाबा आत असत. ती गेली तेव्हा ते खळीचा डबा ढवळत होते.

“बाबा, ती कोण होती?”

त्यांनी ‘कोण’ असे विचारले नाही. डब्यावर झाकण ठेवले, हात फडक्याला पुसले, एकेक बोट वेगळे करून.

“कसं कळलं?”

“बरगडीवरून.”

“बरगडीवरून,” ते म्हणाले. “आम्ही पाय लपवत होतो.”

मग त्यांनी सांगितले, दाबयंत्राच्या चाकावर हात ठेवून, त्याच्याशीच बोलल्यासारखे. मुलीला थंडीत छातीचा ताप आला. छाती आधीच मऊ, श्वासाला आधार कुठला? दवाखान्यातून रिकाम्या हाताने परतले. आई रोज सकाळी गच्चीत चादर अंथरी, सावली सरकली की सरकवी. चादरीवर कुणी नसे. खाणे सुटले, बोलणे सुटले. आत्या तेव्हा अनाथ मुलांच्या संस्थेत धुणी धुवायला होती. तिथे त्याच वयाची एक मुलगी होती, कुणीतरी दाराशी ठेवून गेलेली. संस्था बंदच पडत होती, एक पोर कमी झाल्याचे कुणाला सोयरसुतक नव्हते.

“आत्या तुला कडेवर घेऊन आली आणि थेट गच्चीत गेली. तुला चादरीवर ठेवलं. तुझ्या आईने तुझे पाय हातात घेतले आणि म्हणाली, बघा, सरळ झाले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मी तिला चूक म्हणालो नाही. पुढच्याच महिन्यात घर बदललं.”

“आणि कागदपत्रं?”

“कागद होतेच की. तिचे.”

ती पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसली. म्हणजे त्या मुलीवर कुणी रेघ ओढलीच नव्हती. कागदोपत्री ती वाढत गेली, शाळेत गेली, पदवी घेतली, हाडांवर निबंध लिहू लागली. दर महिन्याला तिच्या नावावर पगार जमा होत होता. मेलेली मुलगी जगात सुरळीत चालली होती. जन्माची नोंद कुठेच नव्हती ती इथे, पुठ्ठ्यांवर बसलेलीची.

“जुन्या पुस्तकातलं पान गळालं,” बाबा चाचरत म्हणाले, “तर आम्ही दुसऱ्या प्रतीतलं आणून शिवतो. वाचणाऱ्याला...”

“मी पान नाही, बाबा.”

“नाही,” ते लगेच म्हणाले. “चुकलं माझं.”

दुकानात खळीचा आंबूस वास भरून राहिला होता. वरच्या मजल्यावर आत्याची पावले डोलत या खोलीतून त्या खोलीत गेली. ती म्हणाली, “भिंतीवर आपल्या घराचा कागद लावलाय मी. त्यात तुमच्याखाली एक वर्तुळ आहे. खरं काढायचं तर ते काळं करून त्याच्यावर रेघ मारावी लागेल.”

“मार. तेवढी तरी ती कुठेतरी राहील.”

“मग मी कुठे जाऊ? त्या कागदावर मला जागा नाही.”

प्रश्न बाबांना कळला नव्हता असे नाही. उत्तर इतके सोपे होते की ते बोलून दाखवायची त्यांना लाज वाटत असावी. “तू तर इथं आहेस की,” ते म्हणाले. मग डब्याचे झाकण उघडत: “आईला काही बोलू नकोस. ती खोटं बोलत नाही गं. तिला तसंच दिसलं होतं. आता या वयात तिच्या पायाखालचं काढून घ्यायचं नाही.”

सकाळी आई गच्चीत दोरीवरचे कपडे काढत होती. “ये, टोक धर,” ती म्हणाली. मोठी चादर होती. दोघींनी दोन टोके ताणून धरली, झटकली, आणि घडी घालायला एकमेकींकडे चालत आल्या. हात हाताला लागला.

“काल दोघं खाली एवढा वेळ काय करत होतात? बांधणी शिकत होतीस?”

“असंच. गप्पा.”

“सांगितलं ना त्यांनी.”

तिच्या हातातले टोक निसटले. आईने ते झेलले आणि पुन्हा तिच्या बोटांत दिले.

“ते मला खुळी समजतात,” आई म्हणाली, “समजू देत. त्या दोघांनी एवढा खटाटोप केला, राहतं घर सोडलं. मला कळतंय असं मी म्हणाले असते तर बिचाऱ्यांनी तोंड कुठं लपवलं असतं? पाय बाईला कळत नाहीत होय? दोन वर्षं चोळलेले पाय.”

“मग उन्हाचं?”

“काहीतरी सांगायला हवं होतं ना लोकांना. सांगता सांगता खरं वाटायला लागतं.” तिने चादरीची कड कडेला जुळवली. “अजूनही वाटतं, एखादे दिवशी.”

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचे लोखंडी दार सरकवले. आवाज थांबेपर्यंत दोघी थांबल्या.

“आई, मी आले तेव्हा कशी होते?”

“गप्प. रडायचीसुद्धा नाहीस. मी तुला तिच्याच नावाने हाक मारायची. तू ओ द्यायची नाहीस, मागे वळून बघायचीस, दाराकडे. हाक तुझ्यामागे उभ्या असलेल्या कुणाला तरी मारलीय, अशी. आणि मग जरा बाजूला सरायचीस. वाट द्यावी तशी.”

“मागे कुणी असायचं?”

आईने घडीवरची सुरकुती तळव्याने दाबून सपाट केली.

“मला दिसायचं नाही. तुझं मला माहीत नाही. पण इतकं नीट बघायचीस तू, की मीही बघायची. रोज हाक मारायची ती त्यासाठीच. तू सरशील म्हणून.” तिचा आवाज बदलला नव्हता, भाजी काय करायची ते ठरवत असावी तसाच होता. “मग एकदा हाक मारली आणि तू मागे न बघता थेट माझ्याकडे धावत आलीस. आत्या हसली, हे हसले. मी आत जाऊन दार लावून घेतलं. दवाखान्यात नाही गं गेली ती. त्या दिवशी गेली.”

“म्हणजे मी...”

“तू काय केलंस? तू पोर होतीस. कुणाची तरी व्हायचं होतं तुला.” आईने घडी तिच्या हातात दिली आणि वर तिचे मनगट धरले, घट्ट. “आणि मी तुझ्यावर राग धरला, थोडे दिवस. मग विसरले. आई झाले की नंतर.”

आई जिन्याकडे गेली. तिची पावले कधीच डोलत नव्हती. ती या घरात बाहेरून आलेली दुसरी बाई होती, हे लेकीला आज सुचले. दोघींचा एकेक पाय या घराच्या तालाबाहेर पडत आला होता आणि आईने ते कधी बोलून दाखवले नव्हते.

चादर छातीशी धरून ती खाली आली. बोळात अजून उजेड पोहोचला नव्हता. स्वयंपाकघरात भांडी ठेवल्याचा आवाज झाला, नळ बंद झाला, आणि आतून आईने हाक मारली. काठी नाही, बाळ नाही. पूर्ण नाव, फिल्मच्या कोपऱ्यात लिहिलेले.

तिने ओ दिली नाही. चादर सांभाळत ती भिंतीकडे सरकली, लहान मुलीला जाता येईल एवढी वाट ठेवून, आणि जिचे नाव होते तिला आधी बोलू द्यावे म्हणून उभी राहिली. मागे वळून मात्र तिने पाहिले नाही. घर अगदी शांत होते. बाबांचे पाऊल नाही, आत्याचे नाही. दुसरी हाक आली नाही. आत आईही थांबली असावी, ओट्याला टेकून, तीच वाट बघत.

मग ती म्हणाली, “आले,” आणि आत गेली.